वडावरचा यक्ष आणि माराकाइबोची वीज

आज सुरुवात एका कबुलीने करतो. या वयात ती शोभूनही दिसते.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवत असे. शब्दप्रमाणाचा भाग यायचा तो नेमका दुपारच्या तासाला. जेवणानंतरची वेळ, मुलं पेंगायची. त्यांना जागं करायला मी एक गोष्ट सांगायचो. साल १५९५. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक, ज्याला स्पॅनिश लोक सरळ चाचा म्हणत, तो अंधाराचा फायदा घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या माराकाइबो शहरावर हल्ला करायला येतो. पण तिथल्या सरोवरावर रात्रभर विजा चमकत असतात. त्या उजेडात पहारेकऱ्याला जहाजांची शिडं दिसतात, तो गावाला उठवतो आणि ड्रेक हात हलवत परत जातो. आणि हे सगळं स्पेनचा मोठा नाटककार लोपे दे व्हेगा याने १५९८ साली छापलेल्या ‘ला ड्रागोन्तेआ’ या महाकाव्यात नोंदवून ठेवलं आहे. एवढं ऐकल्यावर मुलं जागी व्हायची. मीही खूश व्हायचो.

गोष्ट मी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचली होती. वीसेक वर्षं सांगितली. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. त्याने ती आपल्या मुलीला सांगितली होती आणि त्या पोरीने विचारलं होतं, ‘बाबा, कवितेत हे नेमकं कुठे आहे?’ सरांकडे संदर्भ असेल तर पाठवावा, अशी विनंती होती. सरांकडे संदर्भ कुठला! शब्दप्रमाण शिकवणारा मी, आणि शब्द कुणाचा हे एकदाही तपासलं नव्हतं. मग मी ते शोधायला बसलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायचं उशिराचं उत्तर आहे.

आधी जागा समजून घेऊ. व्हेनेझुएला देशाच्या वायव्य कोपऱ्यात माराकाइबो नावाचं सरोवर आहे. सरोवर म्हणतात खरं, पण उत्तरेला एका अरुंद तोंडाने ते समुद्राला जोडलेलं आहे, त्यामुळे पाणी मचूळ. आकार सुमारे १३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा सातारा जिल्हा त्यात बुडेल आणि वर जागा उरेल. पश्चिमेला पेरिहाची डोंगररांग, दक्षिणेला आणि आग्नेयेला अँडीज पर्वताची मेरिदा शाखा, तिची शिखरं जवळजवळ ५,००० मीटरपर्यंत जातात. तीन बाजूंनी भिंती आणि उत्तरेला उघडं दार, अशी ही रचना. नैर्ऋत्येला कोलंबियातून आलेली कातातुम्बो नदी सरोवराला मिळते. तिच्या नावाने तिथली वीज ओळखली जाते.

ही वीज वर्षातल्या बहुतेक रात्री चमकते. आपल्याकडे वळवाच्या पावसात तास-दोन तास लखलखाट होतो, पोरं आईला बिलगतात, आणि संपतं. तिथे रात्र पडली की सुरू होतं आणि आठ-नऊ तास चालतं. शेकडो किलोमीटरवरून तो उजेड दिसतो. लांबून पाहणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, म्हणून ‘मुकी वीज’ अशी एक समजूत रूढ झाली. वीज मुकी नाही हो, आपण लांब आहोत. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे पोहोचत नाही, उजेड मात्र पोहोचतो. पाहणाऱ्याच्या जागेचा गुण वस्तूवर लादणं ही तत्त्वज्ञानातली फार जुनी चूक आहे, आणि ती कोळ्यापासून प्रोफेसरापर्यंत सगळे करतात.

युरोपियन माणूस या सरोवरात आला तो १४९९ च्या ऑगस्टमध्ये. आलोन्सो दे ओखेदाची मोहीम, सोबत अमेरिगो वेस्पुची, ज्याच्या नावावरून पुढे दोन खंडांचं बारसं झालं. त्यांना पाण्यात खांब रोवून बांधलेली घरं दिसली. आन्यू लोकांची ती वस्ती. ते पाहून इटलीतलं व्हेनिस आठवलं आणि ‘छोटं व्हेनिस’ म्हणून व्हेनेझुएला, असं आपण शाळेत शिकलो. पण १५१९ सालच्या एन्सिसोच्या भूगोलग्रंथात असं आहे, की त्या गावाचं नावच ‘वेनेसिउएला’ होतं. तेव्हा देशाच्या नावापासूनच ‘म्हणतात’ सुरू होतं, हे ध्यानात ठेवा.

आता ड्रेक. त्याच्या शेवटच्या सफरीची माहिती भरपूर उपलब्ध आहे, इंग्रजांकडचीही आणि स्पॅनिशांकडचीही. १५९५ च्या नोव्हेंबरात तो पुएर्तो रिको बेटावरच्या सान हुआनला पोहोचला. तिथे मार खाल्ला. मग दक्षिणेला येऊन रिओआचा हे मोत्यांचं गाव जाळलं, सान्ता मार्ता घेतलं, नोंब्रे दे दिओसला उतरला, पनामाच्या वाटेवर पुन्हा मार खाल्ला, आणि १५९६ च्या जानेवारीअखेर पोर्तोबेलोजवळ जहाजावरच हगवणीने वारला. या वाटेत माराकाइबो नाही. तो त्या सरोवराच्या तोंडातून आत शिरलाच नाही. जो आलाच नाही, त्याला विजेने परतवून कसं लावलं?

पण गंमत इथेच आहे. सान हुआनच्या बंदरात काय घडलं ते पाहा. इंग्रजांनी रात्री छोट्या होड्यांतून शिरून तिथल्या स्पॅनिश जहाजांना आग लावली. जहाज पेटलं, उजेड झाला, आणि त्या उजेडात किल्ल्यावरच्या तोफांना इंग्रजांच्या होड्या स्पष्ट दिसल्या. मग तोफांनी आपलं काम केलं. लोपे दे व्हेगाचं काव्य याच शेवटच्या सफरीवर आहे. तेव्हा माझा तर्क असा: रात्र, हल्ला, अचानक उजेड, उघडा पडलेला ड्रेक, एवढा सांगाडा खरा होता. फक्त उजेड पेटलेल्या लाकडाचा होता आणि गाव भलतंच होतं. सांगणाऱ्यांपैकी कुणीतरी तो उजेड आकाशातल्या विजेला देऊन टाकला. हा तर्क आहे, सिद्धांत नाही. पण जे स्पॅनिश अभ्यासक मूळ काव्य उघडून बसले, तेही माराकाइबो सोडून पुएर्तो रिकोकडेच वळलेले दिसतात.

आणखी एक तपासणी करता येते. माराकाइबोवर चाचे खरोखर आले होते. १६६६ च्या सुमारास लोलोने हा फ्रेंच चाचा आला, त्याचं क्रौर्य ऐकवत नाही. १६६९ मध्ये हेन्री मॉर्गन आला. त्याने शहर लुटलं, परतताना स्पॅनिश आरमाराने तोंड अडवलं तर दारूगोळ्याने भरलेलं पेटतं जहाज त्यांच्यावर सोडलं, आणि शेवटी किल्ल्यावरच्यांना फसवून रात्रीच निसटला. रात्रीच, बरं का! मग तेव्हा वीज काय सुट्टीवर होती? जे खरे आले त्यांना विजेने अडवलं नाही, आणि जो आलाच नाही त्याला अडवल्याची कथा मात्र जगभर फिरते आहे.

आपल्या नैयायिकांनी या प्रकाराला एक नाव दिलेलं आहे. ऐतिह्य. ‘असं म्हणतात’ या स्वरूपाचं ज्ञान, ज्याचा मूळ वक्ता कोण हे कुणालाच ठाऊक नाही. परंपरेतलं उदाहरण असं, की या वडावर यक्ष राहतो. कुणी पाहिला? आजोबांनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या आजोबांनी. पौराणिक मंडळी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानत. नैयायिक म्हणाले, नाही. बोलणारा विश्वासार्ह आहे हे कळलं तर ते शब्दप्रमाणातच येईल, आणि बोलणारा कोण तेच कळत नसेल तर ते प्रमाणच नाही. फार कडक लोक ते. मी हे फळ्यावर लिहायचो, आणि त्याच तासाला, त्याच फळ्यासमोर उभं राहून ड्रेकचा यक्ष वडावर बसवायचो.

इथे मला एका माणसाबद्दल आदराने बोलायचं आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. १७९९ च्या जुलैमध्ये तो व्हेनेझुएलात उतरला आणि वर्षाहून जास्त काळ तिथे हिंडला. विजेचं त्याला वेडच होतं. कालाबोसो गावाजवळ वीज सोडणारे ईल मासे पकडायला तळ्यात घोडे घातले, तो प्रसंग त्याने लिहून ठेवलाय. पण माराकाइबोला तो गेला नाही. मग त्याने या विजेबद्दल कसं लिहिलं? मंडळी, ते वाचण्यासारखं आहे. त्याने तो मजकूर प्रश्न म्हणून मांडला. ‘माराकाइबोचा कंदील’ म्हणतात तो उजेड आहे तरी काय? पुढे सांगतो, मेरिदामध्ये पालासिओस नावाच्या गृहस्थांनी तो दोन वर्षं पाहिला. म्हणजे साक्षीदाराचं नाव, गाव आणि मुदत, तिन्ही. चाळीसहून अधिक कोसांवरून दिसतो, म्हणून काहींना तो वादळाचा किंवा विद्युत् स्फोटांचा परिणाम वाटतो. जवळ गेलं की गडगडाट ऐकू येतो असं सांगतात. दुसरे काही मोघमपणे म्हणतात की तिथल्या डांबरी जमिनीतून निघणारे ज्वालाग्राही वायू पेटत असावेत. आणि सरोवराच्या तोंडाशी तो जवळजवळ एकाच रेखांशावर येत असल्यामुळे खलाशी त्याच्या रोखाने, दीपस्तंभाच्या रोखाने जावं तसे, जहाज हाकतात.

नकाशा काढून पाहा, हे जुळतं. सरोवराचं तोंड उत्तरेला, वीज नेमकी दक्षिणेला. तोंडातून शिरणाऱ्या खलाशाला तो उजेड समोर ठेवला की दिशा मिळते. पुढे १८४१ मध्ये आगुस्तिन कोदाझी या इटालियन भूगोलतज्ज्ञाने व्हेनेझुएलाचा भूगोल लिहिला, त्यातही हीच दीपस्तंभाची उपमा आली आहे. हम्बोल्ट न जाता अचूक राहिला, कारण पाहिलेलं, ऐकलेलं आणि मोघम बोललं जाणारं, या तिघांना त्याने तीन वेगळ्या खणांत ठेवलं. मला वर्गात खरं तर हे उदाहरण द्यायला हवं होतं.

दुसरी कथा स्वातंत्र्ययुद्धाची. २४ जुलै १८२३ रोजी याच सरोवरात मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला स्पेनचा लाबोर्दे, दुसऱ्या बाजूला बोलिव्हारच्या पक्षाचा होसे प्रुदेन्सिओ पादिया. पादिया जिंकला, काही दिवसांतच स्पॅनिश सेनापती मोरालेसने शरणागती पत्करली आणि व्हेनेझुएलातली स्पेनची सत्ता जवळपास संपली. इथेही सांगतात, की विजेच्या उजेडाने पादियाला शत्रू दाखवला. आता, लढाई झाली दुपारी! उन्हात कंदील कशाला? पादिया हा मिश्रवर्णीय माणूस. जन्म रिओआचाचा, म्हणजे ड्रेकने जाळलेल्या त्याच गावाचा. ट्रफाल्गारच्या लढाईत तो स्पॅनिश आरमारात होता, इंग्रजांच्या कैदेत पडला. तिथून वर चढत सेनानायक झाला. १८२८ मध्ये बोलिव्हारविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली बोगोटात त्याला मृत्युदंड झाला. त्या आरोपाबद्दल इतिहासकारांना आजही शंका आहे. या माणसाच्या विजयाचं अर्धं श्रेय आपण आकाशाला देऊन मोकळे होतो. कथेमुळे नुकसान कुणाचं होतं, असं कुणी विचारलं तर मी पादियाचं नाव सांगेन.

एवढं असूनही वीज सुलिया राज्याच्या ध्वजावर आहे, राज्यगीतात आहे. गीत लिहिणारे उदोन पेरेस यांनी तिला खलाशांना वाट दाखवणारी म्हटलं, आणि तेवढं अगदी खरं आहे.

आता कारण. विसाव्या शतकात यावर बरेच तर्क झाले. आंद्रेस झाव्रोत्स्की यांनी मेरिदाच्या विद्यापीठातून १९६६ ते १९७० या काळात तिथल्या दलदलीत फेऱ्या केल्या. खडकातल्या युरेनियमचाही वाटा असावा असं पुढे म्हटलं गेलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी नेल्सन फाल्कोन यांनी दलदलीतून आणि तेलसाठ्यांतून निघणाऱ्या मिथेनवर भर दिला. हम्बोल्टने ‘मोघमपणे म्हणतात’ या खणात ठेवलेले डांबरी वायू दोनशे वर्षांनी प्रयोगशाळेचा कोट घालून परत आले, असं मी गमतीने म्हणतो. (हशा) तेल तिथे अफाट आहे हे खरं. १९२२ च्या डिसेंबरमध्ये काबीमासजवळची विहीर फुटली तेव्हा नऊ दिवस रोज लाखभर पिंप तेल आकाशात उडत होतं. पण तेल आणि मिथेन जगात इतरत्रही आहे, तिथे अशी वीज नाही. आणि मिथेन तर बारा महिने निघणार, वीज मात्र जानेवारी-फेब्रुवारीत मंदावते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सप्टेंबरच्या आसपास, शिगेला पोहोचते.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेलं उत्तर साधं आहे, आणि आपल्या कोकणातल्या माणसाला पटकन कळेल असं आहे. मतलई वारा ठाऊक आहे ना? रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी ऊबदार राहतं, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. माराकाइबोला तीन बाजूंनी जमीन आणि वर डोंगर. रात्री डोंगरउतारावरची थंड हवा तिन्ही बाजूंनी खाली घसरते आणि सरोवराच्या मध्यावर एकमेकींना भिडते. उत्तरेच्या उघड्या दारातून कॅरिबियन समुद्राचा दमट वारा जमिनीलगतच्या एका वेगवान झोताने आत येतो. पाण्यावरची उबदार, ओलसर हवा मधे सापडते. तिला जायला एकच वाट, वर. ढगांचे उंच मनोरे उभे राहतात, आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून विद्युत्‌भार वेगळा होतो, आणि वीज पडते. सगळी करामत भूगोलाची. युरेनियमची गरज नाही.

मोजमापही झालं. १९९७ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या एका उपग्रहावर विजा मोजणारा कॅमेरा होता. एका जागेवरून जाताना तो तिथे जेमतेम दीड मिनिट पाहायचा. अशा दीड-दीड मिनिटांच्या सोळा वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये ब्राझीलच्या राशेल आल्ब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापला: जगात सर्वाधिक विजा माराकाइबोवर. दर चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे २३३ चमका, आणि वर्षातले सरासरी २९७ दिवस. तोपर्यंत हा मान आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्याला होता, आणि पहिल्या पाचशे ठिकाणांतली निम्म्याहून जास्त अजूनही आफ्रिकेतच आहेत. नोंदींवरून दिसलं की सर्वांत जास्त वीज नदीवर किंवा दलदलीवर नसून सरोवराच्या पाण्यावर आहे. नाव कातातुम्बोचं, घर सरोवराचं.

ओझोनची गोष्टही सांगून टाकतो, कारण हमखास प्रश्न येतो. ही वीज पृथ्वीचा ओझोन थर दुरुस्त करते असं वाचायला मिळतं. विजेमुळे नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात, त्यांतून खालच्या हवेत काही ओझोन तयार होतो, इथपर्यंत ठीक. पण ज्या थराबद्दल आपण बोलतो तो फार वर आहे. खालचा ओझोन तिथे जाऊन ठिगळ लावत नाही. वडावरचा हा तिसरा यक्ष.

२०१० च्या सुरुवातीला एक विचित्र गोष्ट घडली. जानेवारीपासून काही महिने वीज दिसेनाशी झाली. एल निन्योचं वर्ष, कडक दुष्काळ. लोक घाबरले, की कायमची गेली की काय. त्याच दुष्काळाने गुरी धरण आटलं, देशात विजेची टंचाई जाहीर झाली, भारनियमन सुरू झालं. म्हणजे आकाशातलीही गेली आणि घरातलीही. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून हे आपल्याला जास्त बोचतं. एप्रिलच्या सुमारास पाऊस आला आणि वीज परतली. २०१९ च्या मार्चमध्ये सगळा देश काही दिवस अंधारात गेला, तेव्हा सर्वांत जास्त हाल माराकाइबो शहराचे झाले. याच शहरात विजेचे दिवे लागले होते ते १८८८ मध्येच.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, कथा खोटी असली तरी सुंदर आहे, राहू द्यायला काय हरकत?’ हरकत अशी, की सुंदर कथेतली वीज फक्त चाच्यांना पळवून लावते. खरी वीज माणसं मारते. सरोवरात रात्री मासेमारीला जाणाऱ्यांच्या डोक्यावर ती असते. आपल्याकडे भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, त्यांत बांधावरच्या झाडाखाली थांबलेले शेतकरी आणि मजूर किती असतात ते विदर्भ-मराठवाड्यातल्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजा टिपणारं जाळं उभारलं, ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप काढलं, ते याच कारणासाठी. माराकाइबोवरच्या विजेचा ऋतूचा अंदाज काही महिने आधी बांधता येतो, असं आन्खेल मुन्योस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. यक्षाबद्दल अंदाज बांधता येत नाही. वाऱ्याबद्दल येतो.

कातातुम्बोच्या मुखाजवळ पाण्यात खांबांवर उभं असलेलं एक गाव आहे, कोंगो मिरादोर. तिथल्या लोकांना रात्री कंदिलाची गरज पडत नसे असं लिहिणारे प्रवासी खूप आहेत. गेल्या काही वर्षांत नदीच्या गाळाने गावाखालचं पाणी भरून आलं. होड्या अडू लागल्या, मासे गेले, साप आले. त्यावर २०२० मध्ये एक माहितीपट आला, तो अवश्य पाहा. त्यात लोक आपलं लाकडी घर खांबांवरून उतरवतात, दोन होड्यांवर आडवं ठेवतात आणि सरोवरातून ओढत नेतात. मागे गावात थोडीच कुटुंबं उरली. त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं असतं, तर वीज कुठून उठते आणि कोणत्या महिन्यात थांबते, हे त्याने बोट दाखवून सांगितलं असतं.

त्या मुलीला मी पत्र लिहिलं आहे. तिच्या बाबांना म्हटलं, संदर्भ नाही, चूक माझी. तिचं उत्तर आलं, त्यात पुढचा प्रश्न आहे: मग आग लावणाऱ्या इंग्रजांना कळलं कसं नाही, की उजेडात आपणच दिसू? त्यावर मी अजून वाचतो आहे.